पत्र्यावर डोरीनची सही

डोरीन मकोहनशी वाद घालण्यापेक्षा उणे तीसच्या थंडीत उघड्या हातानं लोखंड धरलेलं बरं, असं कॅनडातल्या विनिपेगच्या नॉर्थ एंडमधले लोक म्हणतात, आणि त्यातले निम्मे तिचे नातेवाईक आहेत. मी तिच्याबरोबर चौदा वर्षं लोकांच्या घरातल्या डक्ट साफ केल्या, त्यामुळे मलाही म्हणायचा हक्क आहे. ती माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. मी तिला आते म्हणतो. आमच्या इलोइलोकडे, फिलिपिन्समध्ये, थोरल्या बहिणीला तसं म्हणतात.

इथे वर्षातले सात महिने तळघरातली भट्टी चालते. गरम हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते आणि जमिनीतल्या जाळ्यांतून परत येते. त्या जाळ्यांत काय पडत नाही? कुत्र्याचे केस, मुलांचे ठोकळे, एकदा तर अख्खी कवळी. ते सगळं ओढून काढायचं आमचं काम. मी गाडीवरचं व्हॅक्यूम आणि मांडीएवढा जाड पाईप सांभाळायचो, तळघर डोरीनचं. मुख्य डक्टला ती पत्र्याच्या कात्रीनं ताटलीएवढं भोक पाडायची, त्यात पाईप बसवायची आणि मग रबरी हातोडीनं डक्ट टोकापासून टोकापर्यंत ठोकत जायची. काम संपलं की भोकावर पत्र्याचा तुकडा स्क्रूनं लावायचा. बाकीचे कामगार त्यावर कंपनीचं स्टिकर चिकटवून मोकळे होतात. डोरीन जाड काळ्या पेनानं स्वतःचं नाव आणि महिना लिहायची. परक्याच्या घरात भोक पाडायचं तर कुणी पाडलं ते त्याला कळायला हवं, एवढंच तिचं म्हणणं. एकतीस वर्षं ती असं लिहीत आली.

तिच्या जिभेला हाड नव्हतं. जाळी उचलून आत टॉर्च मारायची आणि डक्ट साफ दिसली तर गिऱ्हाइकाला सांगायची की फिल्टर बदला, मला उगाच बोलावलंत. आमचा मालक केल्विन पेनर याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. पण मागच्या पिढीतली गिऱ्हाइकं तिलाच मागायची, त्यामुळे तो गप्प बसायचा.

एका गोष्टीत मात्र डोरीनही गप्प बसली होती, आणि मीही. जुन्या घरांत डक्टच्या सांध्यांवर पांढरी कागदी पट्टी चिकटवलेली असते. ती कागदाची नाही, ॲस्बेस्टॉसची. हात लावला नाही तर ती बिचारी काही करत नाही. फाडली, कापली, ठोकली की तिचे तंतू हवेत उडतात, आणि ते एकदा छातीत गेले की बाहेर निघत नाहीत. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं आम्हाला एका दिवसाच्या वर्गाला बसवलं तेव्हा हे आम्हाला कळलं. वर्गातून बाहेर पडताना डोरीनचा चेहरा पांढराफटक होता. त्याआधी अशा कितीतरी पट्ट्यांतून तिनं कात्री घातली होती.

वर्गानंतर केल्विननं नियम केला. पांढरी पट्टी दिसली तर काम करायचं नाही, पण कारणही सांगायचं नाही. मशीन बिघडलंय, म्हणायचं आणि निघायचं. कारण सांगितलं तर लोक विचारणार, मागच्या वेळी तुम्हीच कापलं होतं ना? हे मशीन बिघडवायचं काम माझ्याकडे होतं. माझा चेहरा प्रामाणिक आहे, असं केल्विनचं मत. मी दारात उभा राहून हळहळत खोटं बोलायचो आणि डोरीन गाडीत बसून सूर्यफुलाच्या बिया चावायची. पेन्शनला तिची दोन वर्षं राहिली होती. मी तिला दोष देत नाही. मलाही घर होतं.

फेब्रुवारीत आम्ही लॉर्ना हॅलक्रोच्या घरी गेलो. लॉर्ना शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, आवाज अजून चाळीस पोरांना पुरेल एवढा. डोरीन तळघरात उतरली आणि बराच वेळ वर आलीच नाही, म्हणून मी खाली गेलो. डक्टच्या भोकावरच्या तुकड्यावर तिचंच नाव होतं. डोरीन एम., ऑक्टोबर १९९९. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी कापलेली, आणि तिच्या दशा लोंबत होत्या. खाली लॉर्नाच्या नवऱ्याचं सुतारकामाचं टेबल, त्यावर अर्धवट राहिलेली पक्ष्यांची घरटी.

मी नेहमीप्रमाणे वर येऊन सुरुवात केली, की माफ करा हं, आमचं मशीन जरा...

"मशीन ठणठणीत आहे," मागून डोरीन म्हणाली. "बिघडवलंय मी. तुमचं घर."

आणि तिनं सगळं सांगितलं. पट्टी काय आहे, तिनं काय कापलं, काय ठोकलं, त्यातलं काय उडालं असेल. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी लॉर्नानं विचारलं, की तिचा नवरा वीस वर्षं त्या टेबलाशी बसत होता, त्याला त्यानं काही झालं असेल का. तो गेला होता हृदयविकारानं, पण बाईच्या मनात आलंच. डोरीन म्हणाली, मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणूनच तपासून घ्या.

"मी तुला त्या वेळी बीटाच्या लोणच्याची बरणी दिली होती," लॉर्ना म्हणाली.

"चांगलं होतं लोणचं."

"तुला हे कधी कळलं म्हणालीस?"

"तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं! आणि आज सांगतेस? तेही मी बोलावलं म्हणून?" लॉर्ना उठून उभी राहिली. "ज्यांनी बोलावलं नाही त्यांचं काय?"

गाडीत बसल्यावर डोरीननं बियांची पिशवी खिडकीतून बर्फात रिकामी केली. मला म्हणाली, "रोमी, बाई बरोबर बोलली."

आम्ही कंपनीत पोचेपर्यंत लॉर्नानं केल्विनला फोन केलाच होता. त्यानं डोरीनला आत बोलावलं, मलाही, साक्षीदार म्हणून. टेबलावर एक कागद होता. लॉर्नाला जे सांगितलं ते माझं वैयक्तिक मत आहे आणि यापुढे मी कुणाशीही या विषयावर बोलणार नाही, असं त्यात लिहिलेलं. सही कर आणि दोन वर्षं गुमान काढ, केल्विन म्हणाला. तो वाईट माणूस नाही, भित्रा आहे. त्यानं तिला आवाज चढवून नाही, समजावून सांगितलं. लोक कोर्टात गेले तर कंपनी बुडेल, तीस माणसं घरी बसतील. आणि मग त्यानं त्याच्या मते हुकमाचा पत्ता टाकला.

"डोरीन, पत्र्यावर कंपनीचं नाव नाहीये. तुझं आहे. बोट तुझ्याकडे दाखवतील."

"म्हणूनच त्या घरांत मी जाणार," डोरीन म्हणाली. "तुझं नाव असतं तर तुला पाठवलं असतं."

तिनं कागदाला हातही लावला नाही. गाडीची किल्ली, कंपनीचं जाकीट आणि पत्र्याची कात्री टेबलावर ठेवली. मग कात्री परत उचलली, कारण ती तिची स्वतःची होती.

घरी बसून तिनं जुनी कॅलेंडरं काढली आणि आठवून आठवून पांढऱ्या पट्टीची घरं शोधली. एकसष्ट निघाली. बसनं जायची, उरलेलं चालत. दार उघडलं की बूट काढायच्याही आधी एकच वाक्य. मी डोरीन मकोहन, तुमच्या तळघरातली डक्ट मी कापली होती, तेव्हा मला माहीत नव्हतं, आता आहे. कुणी तिच्या तोंडावर दार लावलं. एकानं कुत्रं सोडलं, ते येऊन तिच्या पायाशी बसलं. एका म्हाताऱ्यानं रडून तिला पेरोगीचा, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा दिला. एका तरुण वकिलानं तिचं म्हणणं मोबाइलवर रेकॉर्ड करू का विचारलं, तर ही म्हणाली, कर, आणि नाव नीट लिही, लोक चुकवतात. केल्विनच्या वकिलाचं पत्र आलं. ते तिनं उलट्या बाजूनं घरांची यादी करायला वापरलं.

मी कंपनीतच राहिलो. नवीन जोडीदार मिळाला, आणि मशीन बिघडत राहिलं. रात्री झोप लागत नव्हती म्हटलं तर खोटं होईल, मला चांगली झोप लागत होती. त्याचाच मला राग यायचा.

आता जे मी लिहितोय ते डोरीनला माहीत होतं आणि माझ्या बायकोला, मारिसेलला, नव्हतं. आम्ही हे घर घेतलं तेव्हा डोरीननं भेट म्हणून आमच्या डक्ट फुकट साफ केल्या होत्या. तेव्हा मी नवा होतो, पट्टी कागदाची समजत होतो. वर्गाच्या दुसऱ्याच दिवशी मी खाली जाऊन पाहिलं, आमचीही पट्टी कापलेली होती, आणि त्या आठवड्यात तळघराच्या छताला लाकडी फळ्या ठोकल्या. मारिसेलला म्हटलं, तळघर कसं छान दिसतंय. उन्हाळ्यात घर विकायचं चाललं होतं. विकलं की ती कटकट दुसऱ्याची झाली असती.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात डोरीन. भुवयांवर बर्फ, पाठीला पिशवी, हातात ती यादी.

"आते," मी हळू आवाजात म्हटलं, "मला माहीत आहे ना. माझ्याकडे कशाला आलीस?"

"तुझ्याकडे नाही आले. मारिसेल घरात आहे?"

मी दारातच उभा होतो. तिला आत येता येणार नाही असा. चौदा वर्षं मी जिचा पाईप धरला, जिच्या हातची पेरोगी खाल्ली, तिला मी थंडीत उभी ठेवली होती. ती काही विनवणी करत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती, आणि हलायचा तिचा काही विचार दिसत नव्हता. आतून मारिसेलनं विचारलं, कोण आलंय, दार लाव, गारठा येतोय.

"एकदा तरी तू सांग, रोमी," डोरीन म्हणाली. "नाहीतर मी सांगते. मला काय, सवय झालीय."

मी सांगितलं. तिथेच, उघड्या दारात. मारिसेलनं ऐकलं, तळघरात गेली, आणि खालून आम्हाला एकामागून एक फळी उचकटल्याचा आवाज यायला लागला. मी धावत गेलो आणि तिला थांबवलं, म्हटलं, खाली श्वास घेऊ नको, हात लावू नको, चल वर. हे मी कुणालातरी पहिल्यांदाच खरं सांगत होतो. वर आल्यावर ती थेट डोरीनकडे गेली. डोरीनला विचारलं, अजून किती घरं राहिली.

"तेवीस."

मारिसेलनं कोट चढवला, दुसरा माझ्या अंगावर फेकला आणि मला गाडी काढायला सांगितली.

सोमवारी केल्विननं मला बोलावलं. लोकांनी ओळखलं होतं, डोरीनला घेऊन फिरणारा तो प्रामाणिक चेहऱ्याचा माणूस कोण ते. तू तिच्याबरोबर काय करत होतास, त्यानं विचारलं. मी म्हटलं, त्यातल्या अर्ध्या घरांत पाईप मी धरला होता, तेच सांगत होतो.