साडूची दुर्बीण

साडूनं त्याच्या भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या बंदुकीवर दुर्बीण बसवली आणि सासऱ्यासमोर बांधावरचा डबा पहिल्याच बारात उडवला. सासरा त्याची पाठ थोपटत होता, इकडं माझ्या पोटात दुखत होतं. मक्यातली रानडुकरं हाकायला माझ्याकडंही तसलीच बंदूक होती. मीही दुर्बीण बसवली, बांधावर डबा ठेवला, तरी नेम लागेना. रोज तिचे स्क्रू आवळत बसायचो.

बायको म्हणाली, "दुर्बिणीले काऊन छळता? बंदुकीची दारू तुम्ही तळहातावर अंदाजानं घेता, कधी जास्त, कधी कमी. भाऊजी तं मापानं भरतात."

"मंग त्याच्याच घरी जाय राहाले!"

दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं औषधाच्या झाकणानं दारू मोजून भरली. डबा उडाला! बायकोनं तो उचलला, भोक निरखलं आणि कौतुकानं म्हणाली, "हाव, अगदी भाऊजीवानी लागली गोळी."