हे तोंड कोणी काढलं?

कुठल्याही ऑफिसात दहा-बारा वर्षं काढली की थोडेफार किस्से जमतातच. पण ज्या ऑफिसात चांगली शिकली-सवरलेली माणसं "डावा डोळा जरा जास्त मिटलाय का?" यावर पावणेदोन तास भांडतात, तिथे किस्से जमत नाहीत, तुंबतात! आज त्यातले थोडे उपसते.

आमचं ऑफिस कोथरूडला. खालच्या मजल्यावर अकरावी-बारावीचे क्लासेस, वर आम्ही. नव्वदच्या दशकात घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले तेव्हा लिमये सरांनी लग्नपत्रिकांसाठी मराठी फॉन्ट करायला सुरुवात केली. पुढे मोबाइल आले, लग्नपत्रिका फोनवर जायला लागल्या, आणि आमच्याकडे मोबाइल कंपन्यांच्या इमोजींचं काम आलं. सुहास कांबळे चित्रं काढतो. मी टेस्टर, म्हणजे ती चित्रं वीस-पंचवीस फोनांवर बघून चुका काढते. सर दोघांच्याही चुका काढतात.

आता ह्या धंद्यातली मेख सांगते. परदेशात एक कमिटी आहे. कुठलं नवीन इमोजी घ्यायचं ते ती ठरवते. पण ती चित्र देत नाही! देते फक्त एक नंबर आणि एक नाव. चित्र ज्या-त्या फोन कंपनीनं आपापलं काढायचं. मेसेजमधून जातो तो फक्त नंबर, आणि समोरच्याच्या फोनमध्ये त्या नंबराला जे चित्र असेल ते त्याला दिसतं. म्हणजे तुम्ही पाठवलेलं तोंड वेगळं, त्याला पोचलेलं तोंड वेगळं.

माझ्या मावशीला हे सगळं मी सविस्तर समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे इंजिनिअर होऊन तू आठ तास तोंडं बघतेस. मग आम्ही स्थळं आणली तेव्हा का नाही बघितलीस?"

*

कांबळेला मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. त्यानं हॉस्पिटलमधून सरांना मेसेज केला, "सर, मुलगी झाली. आठवडाभर रजा हवी आहे."

लिमये सर लिहिण्यात काटकसरी. त्यांनी उत्तरादाखल फक्त एक हसरं तोंड पाठवलं. दात दाखवून, मनापासून हसणारं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कांबळे ऑफिसात हजर! डोळे लाल, दाढी वाढलेली.

"अहो, तुम्ही इथे काय करताय?" सर ओरडलेच. "घरी जा! बाळाजवळ थांबा!"

"सर, तुमचा रिप्लाय बघितला आणि घाबरलो. बायको म्हणाली, जाऊन या, नोकरी जाईल."

"मी हसलो होतो, कांबळे!"

कांबळेनं आपला फोन पुढे केला. त्यावर ते तोंड हसत नव्हतं. दातावर दात दाबून, आता कोणाला तरी चावणार अशा बेतात होतं. सरांच्या फोनवर तेच हसरं, कांबळेच्या फोनवर तेच खवळलेलं. नंबर एकच!

सरांचा पारा चढला. "कुठल्या मूर्खानं काढलंय हे तोंड? कुठल्या कंपनीचा फोन आहे हा?"

कांबळेनं मान खाली घातली. "आपलाच टेस्टिंगचा फोन आहे, सर. तोंड मीच काढलंय."

सरांनी त्याला आठवड्याऐवजी पंधरा दिवसांची रजा दिली. लेखी. चित्राशिवाय.

*

आई, बाबा आणि मुलगी असं कुटुंबाचं चित्र तुम्ही पाठवता ना, ते एक चित्र नसतंच. ती तीन सुटी चित्रं असतात आणि त्यांच्यामध्ये न दिसणारे जोड असतात. फोनला ते जोड कळले तर कुटुंब एकत्र दिसतं. नाही कळले तर आई, बाबा, मुलगी अशी तीन माणसं रांगेत सुटी सुटी उभी राहतात.

एकदा ह्या जोडांनी आमचा महिनाभर जीव खाल्ला. एका संध्याकाळी मी बसनं घरी निघाले होते. बस खच्चून भरलेली, आणि कांबळेचा फोन आला. मी वैतागलेलीच होते.

"अरे, नवरा-बायको एकत्र येतच नाहीयेत!" मी म्हटलं. "काल जोडून दिले होतेस ना? सकाळी बघते तर परत तुटलेले!"

बसमधली कुजबुज जरा कमी झाली. माझं लक्ष नव्हतं.

"मुलगी एकटी खालच्या ओळीत जाऊन पडलीय. मुलीला काढून टाकलं ना, की दोघं व्यवस्थित राहतात. मी करून बघितलंय!"

फोन ठेवला तेव्हा बसमध्ये इंजिनाचा तेवढा आवाज होता. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी माझ्या दंडावर हात ठेवला. "हे बघ बाळा, माझी भाची समुपदेशक आहे. तिच्याकडे जा. पण लेकराला काढून टाकायची भाषा पुन्हा करायची नाही."

"अहो काकू, ती खरी माणसं नाहीत. चित्रं आहेत!"

काकूंनी एक मोठा उसासा सोडला. "सुरुवातीला सगळ्यांनाच तसं वाटतं."

*

जोडलेल्या हातांच्या इमोजीवरून जगात एकमत नाही. कोणाला ती प्रार्थना वाटते, कोणाला दोन माणसं एकमेकांना टाळी देताहेत असं वाटतं. आमच्या परदेशी क्लायंटनं त्यावर खास कॉल ठेवला. पलीकडे सात जण, अलीकडे आम्ही तिघं. तासभर चर्चा झाल्यावर पलीकडच्या बाईंनी विचारलं, "भारतात ह्याचा नेमका अर्थ काय? थँक यू, सॉरी की प्लीज?"

सरांना जेवायचं होतं. ते म्हणाले, "इतर ठिकाणचं मला माहीत नाही. पुण्यात ह्याचा अर्थ, या आता."

आठवड्यानं त्यांचं डॉक्युमेंट आलं. त्यात जोडलेल्या हातांपुढे गंभीरपणे लिहिलं होतं : प्रादेशिक अर्थ, निरोप.

*

रिक्षाचं इमोजी मंजूर झालं तेव्हा कांबळेनं फार सुरेख रिक्षा काढली. क्लायंटच्या टेस्टरनं लगेच दोन चुका काढून पाठवल्या. एक, मीटर दिसत नाही. दोन, ड्रायव्हर जागेवर नाही.

सरांनी उत्तर लिहिलं, "चित्र प्रत्यक्ष पाहणी करून काढलेलं आहे."

*

आता सरांच्या विळीची गोष्ट. ही सांगताना अजूनही माझं डोकं दुखतं.

नवीन इमोजी कोणीही सुचवू शकतं. फक्त एक लांबलचक अर्ज करावा लागतो. हे चित्र लोक भरपूर वापरतील का? इवलंसं केलं तरी ओळखू येईल का? आधीच्या एखाद्या चित्रानं काम भागत नाही ना? सगळ्याचे पुरावे द्यायचे. सरांनी एक दिवस जाहीर केलं, "परदेशातल्या लोकांची सगळी भांडीकुंडी झाली. आपण विळी सुचवायची."

पुरावा म्हणून इंटरनेटवर लोक विळी किती शोधतात ते दाखवायचं होतं. मी इंग्रजी अक्षरांत विळी टाइप केलं. पानंच्या पानं निघाली आतड्यांची! आतड्याच्या आतल्या बाजूला जे बारीक केसांसारखे उंचवटे असतात, त्यांना इंग्रजीत विलाय म्हणतात आणि स्पेलिंग जवळजवळ तेच. खालच्या क्लासमधली बारावीची मुलं दिवसभर तेच शोधत असणार.

मग फोटो हवा होता. वहिनींनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, घरची विळी दिली, पण स्वतः यायला साफ नकार दिला. शेवटी कॉन्फरन्स रूममध्ये पेपर अंथरून सर स्वतः पाटावर एक पाय ठेवून बसले, हातात दुधी भोपळा. नेमके तेव्हाच मुंबईहून क्लायंटचे साहेब आले. दारात थांबले. सर बसल्या बसल्या म्हणाले, "या, या. पाचच मिनिटं. अर्धा चिरून झालाय."

मग कांबळेनं चित्र काढलं. मोठं होतं तोवर विळीच होती. इमोजीएवढी लहान केली तर उंच टाचेची चप्पल दिसायला लागली! कांबळेनं पातं वाकवलं, तर राजहंस झाला. पाट मोठा केला, तर घसरगुंडी. सतरा वेळा चित्र बदललं. मी ऑफिसभर फोन घेऊन फिरायचे, "हे काय दिसतंय?" क्लासमधल्या एका सरांनी तर बराच वेळ निरखून "प्रश्नचिन्ह" असं सांगितलं.

शेवटी अर्ज गेला. आम्ही वाट बघत बसलो. पावसाळा गेला, दिवाळी गेली, परत उन्हाळा आला. मग दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्या प्रस्तावाबद्दल आभार. ही कल्पना सध्याच्या सुरीच्या चित्रानं व्यक्त होऊ शकते.

सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अख्ख्या कमिटीला बोलवा. जमिनीवर बसवा. हातात सुरी द्या आणि म्हणावं, खोवा नारळ!"

*

कांबळेचे वडील खडकीला राहतात. लष्कराच्या कारखान्यातून रिटायर झाले. आई गेल्यापासून एकटेच असतात. "कोथरूडला या" म्हटलं की "इथलं वाचनालय कोण बघेल?" म्हणतात. त्यांना ऐकू फार कमी येतं, त्यामुळे फोनवर बोलणं नाही. एक जुना टचस्क्रीन फोन आहे, त्यावर मेसेज करतात, तेही तोलून मापून.

कमिटीनं एकदा श्रवणयंत्र लावलेल्या कानाचं इमोजी मंजूर केलं. कांबळेला एवढं मन लावून काम करताना मी कधी बघितलं नव्हतं. वडिलांच्या कानाचा फोटो समोर ठेवून त्यानं तो कान काढला. पाळीवरची सुरकुतीसुद्धा सोडली नाही. इमोजीच्या आकारात ती दिसणार नाही हे मी सांगितलं, तर म्हणाला, "मला माहीत आहे ना ती आहे."

नवीन इमोजी जुन्या फोनवर दिसत नाही. तिथे त्या नंबराचं चित्रच नसतं, म्हणून रिकामा चौकोन येतो. ते एकदा तपासून बघावं म्हणून कांबळेनं दुपारी एक वाजता तो कान वडिलांच्या फोनवर पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं.

"जेवलो."

कांबळेला काही कळेना. दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यानं परत पाठवला.

"जेवलो. पिठलं केलं होतं."

तिसऱ्या दिवशी : "जेवलो. तू?"

रविवारी तो खडकीला गेला. वडील म्हणाले, "तू रोज एक वाजता डबा पाठवतोस ना, म्हणून मीपण वेळेवर बसतो. नाहीतर चार वाजायचे."

कांबळेनं त्यांचा फोन हातात घेऊन बघितला. एकाखाली एक रिकामे चौकोन. तो डबा नसून कान आहे, हे त्यानं वडिलांना सांगितलं नाही. सोमवारी ऑफिसात आम्हाला सांगितलं आणि एक वाजता परत चौकोन पाठवला. असं सात-आठ महिने चाललं.

मग वडिलांचा फोन बिघडला आणि कांबळेनं त्यांना नवा घेऊन दिला. नव्या फोनवर कान दिसणारच. एक वाजता त्यानं पाठवला आणि आम्ही तिघंही टेबलाशी थांबलो. एक वाजून दहा. दीड. दोन. उत्तर नाही. पावणेचारला मेसेज आला.

"कान छान आहे. आज डबा नाही?"

कांबळे उठला नाही. कमिटीची नंबरांची अख्खी यादी उघडून बसला. पाच वाजेपर्यंत खाली खाली जात राहिला.

"काय शोधताय?" सरांनी विचारलं.

"असा नंबर, सर, जो अजून कोणालाच दिलेला नाही. म्हणजे कुठल्याच फोनवर चित्र नसेल."

सरांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले. दोघांनी मिळून एक नंबर काढला. मी तो पंचवीसच्या पंचवीस फोनांवर तपासला. सगळीकडे रिकामा चौकोन.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तो गेला. एक वाजून पंचवीस मिनिटांनी उत्तर आलं, "जेवलो. मेथी."

ह्याला आता काही वर्षं झाली. कमिटीची नवी यादी आली की आमच्याकडे धावपळ उडते, यंदा काय काय आलं, किती चित्रं काढायची, किती दिवसांत द्यायची. कांबळे मात्र त्यातलं काही बघत नाही. तो आधी आपल्या नंबरापर्यंत जातो.

सर केबिनमधून ओरडतात, "कांबळे, दिला का हो तो कोणाला?"

"नाही सर. रिकामाच आहे."

"मग पाठवा. एक वाजला."