खोत सरांचे बेचाळीस किलोमीटर

खोत सरांना मी अठरा वर्षांत एकदाही पळताना पाहिलं नव्हतं. ते आमच्या कोरेगावच्या हायस्कुलात पी.टी. शिकवायचे, म्हणजे मैदानाच्या कडेला लिंबाखाली खुर्ची टाकून शिट्टी मारायचे. एक शिट्टी म्हणजे पळा, दोन म्हणजे थांबा. समोर पोरं भर दुपारी फेऱ्या मारत असायची आणि सावली सरकेल तसे सर खुर्ची सरकवत असायचे. त्या तासात त्यांच्या अंगाला व्यायाम व्हायचा तो एवढाच.

एखादी पोरगी धापा टाकत जवळ आली आणि "सर, दम लागला" म्हणाली, की सरांचं ठरलेलं उत्तर यायचं. "दम छातीत नसतोय बाळ, मनात असतोय. पळ." मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो, त्यामुळे हे वाक्य मला दिवसातून चार वेळा ऐकू यायचं. उन्हाबद्दल कुणा पालकाने तक्रार केलीच, तर सर छाती पुढे काढून सांगायचे, "आमी कवठे महांकाळची माणसं. ह्याला आमच्याकडं थंडी म्हणत्यात." पालक निमूटपणे परत जायचे. उंची सहा फूट, मिशा भरघोस आणि आवाज खणखणीत असला, की माणसाला फारसं कुणी उलटून बोलत नाही.

मॅरेथॉनचं खूळ आलं ते दुसऱ्याच्या फोटोमुळे. तालुक्यातल्या दुसऱ्या एका संस्थेच्या पी.टी. शिक्षकाने कुठेशी अर्धी मॅरेथॉन पुरी केली आणि त्याचा फोटो पेपरात आला. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. दुसऱ्या संस्थेचा फोटो छापून आला की आबांना पित्त होतं. शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी विचारलं, "आपल्यात हाय का न्हाई कोण पळणारा?" सगळे खाली बघायला लागले. मीही हजेरीपुस्तकात डोकं घातलं. तेवढ्यात खोत सर उभे राहिले.

"अर्धी कशाला, आबा? आपुन पुरी पळू. मुंबईला."

पुरी मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर, हे मी त्यांना बैठक संपल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "सातारला जाऊन माघारी आलं तर किती व्हतंय?"

"साधारण तेवढंच."

"मग त्यात काय अवघड हाय? यष्टी रोज करती की."

हातात दोन महिने होते. सरांनी केशरी बूट घेतले, पावलं मोजणारं घड्याळ घेतलं आणि घरात मटकीला मोड आणायला लावले. पहिल्या आठवड्यात तीन दिवस ते कालव्यापर्यंत पळाले. दुसऱ्या आठवड्यात गुडघा धरला. तो सुटेपर्यंत लग्नसराई आली, आणि पंगतीत वाढलेली जिलेबी नको म्हणणं सरांच्या स्वभावात नव्हतं. खोत वहिनी मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आवं, दळण आणायला दोनशे पावलांवर गाडी काढत्यात हे. तुमी तरी सांगा की चार शब्द." मी सांगून पाहिले. "अठरा वरसं पोरं पळवतोय मी," सर म्हणाले. "पळण्यातलं मला नगा शिकवू."

यापुढचा पराक्रम मात्र सरांचा एकट्याचा नाही, तो आमच्या अख्ख्या संस्थेचा आहे. आबा मुलीकडे तीन महिने ऑस्ट्रेलियाला निघाले होते आणि शर्यत त्यांच्या जाण्यानंतर होती. आबांशिवाय सत्कार केला तर फोटोच्या मधोमध उभं कोण राहणार? तेव्हा सत्कार आधीच उरकून घ्यावा, असं एकमताने ठरलं. यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. स्नेहसंमेलनात सरांना फेटा, शाल, श्रीफळ मिळालं. चौकात फ्लेक्स लागला: 'मुंबई येथील मॅरेथॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' वर हात जोडलेले भले मोठे आबा आणि खाली कोपऱ्यात काळा चष्मा लावलेले खोत सर.

मानपत्र मी लिहिलं. 'बेचाळीस किलोमीटरचे खडतर अंतर लीलया पादाक्रांत करून' हे शब्द माझेच. लिहिताना मनाला टोचणी लागली वगैरे म्हणेन तर ते खोटं होईल. 'लीलया' हा शब्द सुचला म्हणून मी उलट खूश होतो.

कार्यक्रमानंतर आम्ही दोघं बरोबरच घरी निघालो. सरांनी फेटा काढून काखेत धरला होता. "आता पुरी करावीच लागंल की वो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. शर्यतीला आठ दिवस उरले होते.

त्या वर्षी शर्यतीची तारीख काही कारणाने पुढे गेली होती आणि मुंबई चांगलीच तापली होती. सोबतीला मी गेलो. माझ्या मेहुण्याचं घर शर्यतीच्या रस्त्यावरच होतं, एकोणतीस किलोमीटरच्या पाटीजवळ. सरांना पहाटे सोडून मी तिथे खुर्ची टाकून बसलो. सरांच्या बनियनवर पुढे संस्थेचं नाव आणि पाठीवर आबांचा फोटो छापलेला होता. कवठे महांकाळचं ऊन माणसाला वाळवतं आणि मुंबईचं शिजवतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. नऊ वाजता घरात पंख्याखाली बसलेल्या माझ्या मेहुण्याचाही सदरा पाठीला चिकटला होता.

साडेदहाच्या सुमाराला सर दिसले. पळणं केव्हाच सुटलं होतं, आता ते एक पाय ओढत कसेबसे येत होते. चेहऱ्यावर घाम वाळून मिठाचे पांढरे ओघळ उमटले होते आणि पाठीवरचे आबा पार चोळामोळा झाले होते. मागे राहिलेल्यांना गोळा करणारी बस त्यांच्या मागे पन्नास पावलांवर होती. पाणी वाटणाऱ्या एका मुलीजवळ ते थांबले.

"दम लागला गं, बाळ."

"मग बसा ना, काका. त्यात काय एवढं?" ती अगदी सहज म्हणाली.

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मानपत्रात किती ल्हिलंय वो?"

"बेचाळीस."

"मग चालतो," म्हणाले आणि निघाले. अकरा पावलं गेले. मी मोजली. बाराव्या पावलाला फुटपाथवर बसले, आणि बस येऊन थांबली. आत चढवायला मी आणि ड्रायव्हर, दोघं लागलो.

बसमध्ये मी त्यांना सल्ला दिला. म्हटलं, कोरेगावात कोण विचारणार आहे? मेहुण्याच्या ओळखीत एक जण दर वर्षी ही शर्यत पुरी करतो, त्याचं मेडल तासाभरासाठी मागून आणू, गळ्यात घालून फोटो काढू आणि विषय संपवू. मुलांना सत्यावर निबंध लिहायला लावणाऱ्या माणसाचा हा सल्ला होता. सर गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि मी ते होकार म्हणूनच धरलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत राष्ट्रगीत झालं, प्रार्थना झाली आणि सर लंगडत माइकपाशी गेले.

"पोरांनो, माझा सत्कार आधी झाला आन पळणं मागनं. एकुणतीस किलोमीटरवर मी बसमधी बसलो. चौकातल्या फ्लेक्सवर लिवलंय ते खोटं हाय. आन दम छातीतच असतोय. मनात-बिनात काय नसतोय. अठरा वरसं मी सावलीत बसून तुमाला चुकीचं सांगितलं. हितनं पुढं ज्याला दम लागंल त्यानं खाली बसायचं."

मुख्याध्यापक गडबडले आणि त्यांनी पुन्हा राष्ट्रगीत सुरू करायला लावलं. सगळी शाळा सावधान उभी राहिली. त्या बावन्न सेकंदांत मला सरांची नाही, माझी लाज वाटत होती.

ऑस्ट्रेलियातून आबांचा फोन आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत तो स्पीकरवर लावला होता. "खोत, बोलण्यात चूक झाली म्हणून उद्या सांगून टाका. संस्थेची अब्रू हाय. न्हाईतर मलकापूरच्या शाखेत जागा रिकामीच हाय." सरांच्या नव्या घराचा स्लॅब नुकताच पडला होता आणि धाकटी दहावीला बसायची होती. कऱ्हाडपलीकडचं मलकापूर त्या वर्षी त्यांना अजिबात परवडणारं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सर म्हणाले, "आबा, पळालो मी. तुमी न्हाई."

बदलीचा कागद यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत पी.टी.चा तास दुपारचा सकाळी झाला, आणि सर पोरांच्या मागे, सगळ्यांत शेवटी, धापा टाकत पळायला लागले. पोरं हसायची. सर त्यांना हसू द्यायचे. मी खिडकीतून बघत राहायचो. त्यांच्या बाजूने आबांना चार ओळींचं पत्र लिहावं असं रोज मनात यायचं, पण ते काही माझ्या हातून लिहून झालं नाही.

त्यांचा निरोप समारंभही झाला नाही. शेवटच्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेलो, तेव्हा सामान टेम्पोत चढवणं चाललं होतं. "चुकलं माझं," मी म्हटलं. सर नुसते हसले. "तुमचं मराठी लय भारी हाय, सर. फकस्त माणूस पळून आल्यावर ल्हीत जावा." वहिनींनी टेम्पोत ठेवलेली चहाची भरली किटली उतरवून मला अर्धा कप चहा दिला.

गेल्या आठवड्यात आबांनी मला बोलावलं. त्यांच्या पुतण्याने परदेशातली कसलीशी मोठी परीक्षा विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण केली, त्याचं मानपत्र हवं होतं. चांगले भारदस्त शब्द घाला म्हणाले. निकाल कधी लागला, असं मी विचारलं. आबा म्हणाले, परीक्षाच पुढच्या महिन्यात आहे. मी म्हटलं, मग निकाल लागल्यावर लिहितो.

आबांनी हातानेच मला जायची खूण केली. घरी येऊन सांगितलं, तर बायकोने माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या. मलकापूरला राहायला जागा मिळेल का, हे विचारायला मी कालच खोत सरांना फोन केला.