नांगी न उगारणारे खेकडे

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं विसरलो. येरमाळ्याकडच्या एका वस्तीवरचं खेकड्याच्या रश्श्याचं प्रकरण मात्र मनातून जात नाही.

सोयाबीनच्या फवारणीचे दिवस होते. जिल्हा रुग्णालयातून ठाण्यात विषबाधेची खबर आली. एक म्हातारी आणि तिचा थोरला मुलगा दुपारी खेकड्याचा रस्सा जेवले आणि संध्याकाळी तोंडाला फेस येऊन पडले. रस्सा सुनेनं केला होता. ती स्वतः जेवली नव्हती, येडेश्वरीचा उपवास होता म्हणाली. त्यात धाकट्या दिरानं येऊन सांगितलं की वहिनीचं आणि आईचं पटत नाही, आणि पडवीत फवारणीच्या औषधाची बाटली आहे. पंचनामा करून बाटली जप्त केली. अर्धी रिकामी होती.

गावानं निकाल देऊन टाकला. ठाणे अंमलदारही सुनेवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवायला पेन उघडून बसले. मी म्हणालो, जरा दम धरा, फवारणीच्या दिवसांत कुणाच्या पडवीत औषध नसतं?

महिला हवालदारासमोर सुनेचा जबाब घेतला. ती रडत नव्हती, याचीही लोकांनी चर्चा केली. माझा अनुभव उलटा आहे. बनाव करणारे आधी रडून घेतात. खेकडे कुणी आणले, एवढंच मी फिरून फिरून विचारलं. दिरानं सकाळी ओढ्यातून आणून दिले आणि तो ढोकीला कामाला गेला, असं तिनं सांगितलं.

मग दिराला बसवलं, चहा पाजला. खेकडे धरणाऱ्यांची बोटं मी खूप पाहिली आहेत. याच्या बोटांवर साधा ओरखडा नव्हता. कसे धरले, विचारलं.

"लई सोपं गेलं साहेब. दगडावर उघडेच पडले होते. हातात घेतलं तरी नांगी उगारली न्हाय."

आदल्या दिवशी फवारणी कुणी केली आणि पंप कुठं धुतला, हे विचारल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. पंप त्यानंच ओढ्याच्या त्या डोहात धुतला होता, उरलेलं औषधही तिथंच ओतलं होतं.

आम्ही डोहावर गेलो. काही खेकडे जिवंत होते, पण पाय नुसते थरथरत होते. एकाच्या नांगीत मी बोट दिलं. ती मिटली, पण तिच्यात जोर नव्हता. फवारणीच्या औषधानं त्यांच्या नसाच निकामी केल्या होत्या. नमुने प्रयोगशाळेत पाठवले. खेकडे, उरलेला रस्सा आणि बाटली, तिन्हींत एकच औषध निघालं. सुदैवानं दोन्ही रुग्ण वाचले.

अहवाल आला त्या दिवशी दिरानं ठाण्यातच वहिनीपुढं हात जोडले. नकळत झालं म्हणाला, आणि ते खरंच होतं. ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी तुमी बी जेवला नव्हता. तुमाला कुणी इचारलं का?"

मला वाईट वाटलं. पुढं नव्या अंमलदारांना मी सांगत आलो, कोण जेवलं नाही हे जरूर विचारा, पण ते एकट्या सुनेला विचारू नका.