ओढ्याकाठची रानहळद

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं माती उकरल्यासारखं. कुणाच्या हाती हे कागद पडलेच तर माफ करावं. बोलायचं ते मला तोंडानं बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर फुलंब्रीच्या पुढं. शेताच्या कडेला ओढा होता, त्याच्या ओल्या काठावर पावसाळ्यात रानहळद यायची. पानं हळदीसारखीच, मधून तुरा निघायचा, वर गुलाबी आणि खाली पिवळी फुलं. आई तोडू द्यायची नाही. आई गेली आणि मग ओढा खोल करायला जेसीबी आला. भाऊ म्हणाला, काठ आता राहायचा नाही. हातानं उकरून मिळाले तेवढे गड्डे मी पदरात बांधले आणि बसनं शहरातल्या माझ्या घरी आणले.

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. पिण्याचंच पुरवून वापरायचं, तिथं ओल मागणाऱ्या झाडाला कुठून घालणार? म्हणून धुण्याच्या दगडापाशी लावली. साबणाच्या पाण्यानं पानं पिवळी पडली, तेव्हा मी चर फिरवला. साबणाचं पाणी गटारीला आणि तांदूळ, भाजी धुतलेलं रानहळदीला. पुढच्या पावसाळ्यात तुरे आले. त्या दिवशी मी दगडावर नुसतीच बसून राहिले होते.

दिवाळीनंतर पानं वाळून जातात. गड्डे मातीखाली झोपतात, वर काही दिसत नाही. तेव्हा पाणी घातलं तर सडतात. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी भोवती विटा लावल्या होत्या. हे शेजारणीला माहीत होतं. मी लाजरी, चारचौघांत माझा आवाज निघत नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात माझ्या वतीनं तीच बोलायची. माहेर, ओढा, आई, मी मधल्या भिंतीवरून तिला सगळं सांगितलेलं.

उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला मी पुण्याला गेले. फाटकाची किल्ली शेजारणीला दिली. विटांच्या आत पाणी घालू नको, एवढंच सांगितलं.

परत आले. पाऊस झाला, गल्लीभर गवत उगवलं, विटांच्या आत काहीच नाही. खुरप्यानं उकरलं तर एक गड्डा नाही. शेजारीण भिंतीवरून बघत होती. म्हणाली, घुशीनं खाल्लं असंल, आमच्याकडं पण लई झाल्यात. मला पटलं. मी काचा घालून बिळं बुजवली. ओढ्याचा काठ गेलेला, आता ही पण गेली, म्हणून तिच्यापुढंच रडले. तिनं मला चहा करून दिला.

महालक्ष्म्यांच्या आधी सामान आणायला शहागंजाच्या बाजारात गेले. एका रोपवाल्याकडं काळ्या पिशव्यांत रानहळद होती, तुऱ्यांसकट. मी धीर करून विचारलं, हे कुठलं.

"जंगल का माल है, अम्मा. एक बाई दे के गई गर्मी में. बोली, उनके मायके के नाले का है. नाला खोद डाले, इत्ताच बचा."

शेजारणीचं माहेर शहरातलंच, क्रांती चौकाजवळचं. तिथं कसला ओढा. गड्डे तर तिनं विकलेच, पण माझ्या आईचा ओढाही सोबत दिला.

सामानाच्या पैशातून मी एक पिशवी विकत घेतली आणि दगडापाशी लावली. दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीवरून विचारलं, "कुठून आणलीस गं?"

"शहागंजातून. तुझ्या माहेरची हाय म्हणला तो."

ती म्हणाली, आमच्या ह्यांचं काम सुटलं होतं, घरात गॅस नव्हता. आणि तुझं ते मातीतच पडून होतं.

"मागितलं असतंस तर पैसे दिले असते मी," मी म्हणाले. "रडत होते तेव्हा तरी सांगायचं."

"तवा तोंडच नाय झालं," ती म्हणाली.

रोपवाल्यानं किती दिले ते तिनंच सांगितलं. मी मागितले नव्हते. पाण्याच्या दिवशी नळावर भेट व्हायची तेव्हा ती कधी पन्नास, कधी शंभर माझ्या ड्रमच्या झाकणावर ठेवायची. मी उचलायची. दोघी खाली बघून हंडे भरायचो. रेशनला मी आता एकटी जाते. दुकानदार दोनदा विचारतो, तेव्हा कुठं माझा आवाज त्याला ऐकू जातो.

विकत आणलेल्या गड्ड्याला यंदा दोन तुरे आले. परवा पाणी आलं तेव्हा तिनं शेवटची नोट झाकणावर ठेवली, आणि नोट उडू नये म्हणून वर तिच्याकडंच राहिलेली माझ्या फाटकाची किल्ली.

"झाले बघ सगळे," ती म्हणाली.

मी व्हय म्हणाले आणि दोन्ही उचललं. पैसे पूर्ण फिटले.