कुंभारणीचं घर

त्या वर्षी फाल्गुनात मी देवाशी अबोला धरला. भांडण एकतर्फी होतं, कारण समोरून काही उत्तर येत नव्हतं. पण मी हट्टाला पेटलो होतो. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळात अठरा दिवस काढून क्वार्टरवर परत आलो, तेव्हा पाय फरफटत का होईना चालत होता, जीभही वळू लागली होती. हात मात्र मांडीवर पडून राहायचा. दुसऱ्या कुणाचा तरी हात सांभाळायला दिल्यासारखा मी तो घेऊन बसायचो.

हा हात म्हणजे माझा सगळा तोरा होता, हे कबूल केलं पाहिजे. कारखान्यात मी पॅटर्न शॉपमध्ये होतो. लोखंड ओतायच्या साच्यासाठी आधी लाकडाचा नमुना करावा लागतो, ते माझं काम. केसाइतकी चूक मी डोळ्यांनी पकडायचो आणि पकडली की चारचौघांत सुनवायचो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पण नोकरीपेक्षा मोठा घोर दुसराच होता. आमच्या घरचा गणपती घरातच घडतो. वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले त्या वर्षी त्यांच्या मनासारखी मूर्ती कुठे मिळेना, म्हणून त्यांनी स्वतः माती मळली. पुढे तोच कुळाचार झाला. त्यांच्यानंतर मी. एक वीत उंचीची शाडूची मूर्ती, रंग नाही, फक्त डोळे रेखायचे. पन्नासच्या वर वर्षं झाली, खंड नाही. बैठकीच्या भिंतीवर प्रत्येक वर्षाच्या मूर्तीचा फोटो ओळीनं लावलेला. वडिलांच्या काळचे काळेपांढरे, मग माझे रंगीत. शेवटच्या फोटोपुढे मी एक रिकामा खिळा आधीच ठोकून ठेवत असे. पुढचं वर्ष आपलंच आहे, इतकी खात्री!

मुलानं बंगळूरहून फोन केला, "बाबा, यंदा विकतची आणू या. देव काय रागावणार आहे?" त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. खंडित मूर्ती आपण पुजत नाही, तिचं विसर्जन करतो. मग खंडित हातानं घडवलेली मूर्ती देवाला कशी चालेल? त्यानंच मला ओळीतून बाहेर काढलं होतं. मी पूजा सोडली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हातात दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता, तो मी एकदा डाव्या हातानं असा भिरकावला की थेट देवघरात जाऊन पडला. बायकोनं तो उचलला, धुतला आणि परत माझ्या मांडीवर आणून ठेवला.

वैशाखात कूलर लागला. त्याचं पाणी खिडकीबाहेरच्या तुळशीच्या कुंडीशी ठिबकायचं आणि तिथे चिखल व्हायचा. एक दिवस पाहतो तर एक कुंभारीण माशी त्या चिखलातून ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी तोंडात घेऊन आत आली आणि माझ्या रिकाम्या खिळ्याशी जाऊन बसली. गोळी भिंतीला लावताना तिचा बारीक गुणगुणण्याचा आवाज यायचा. लावून झाली की गेली, थोड्या वेळानं पुन्हा हजर. मला दिवसभर दुसरा उद्योग नव्हता. चार दिवसांत तिनं बोटाच्या पेराएवढी खोली उभी केली, आत कोळी आणून भरले, तोंड लिंपलं आणि शेजारी दुसरी सुरू केली.

"मोडू नका हं," ही म्हणाली. "आत तिची लेकरं आहेत."

"माझ्यात मोडायची तरी ताकद कुठे आहे?" मी म्हणालो. तेव्हा माझं सगळं बोलणं असंच तिरकं असायचं.

ज्येष्ठात कारखान्याच्या टाउनशिपमधल्या सिव्हिल खात्याची माणसं पुताईला, म्हणजे भिंतींना चुना द्यायला आली. आमच्याकडे आलेला पुताईवाला पन्नाशीचा, करोंदकडचा. हिनं फोटो उतरवून पलंगावर ठेवले आणि चहा टाकायला आत गेली. त्या माणसानं पत्र्याच्या पट्टीनं भिंत खरवडायला घेतली. मी ओरडेपर्यंत पट्टी खिळ्यावरून फिरली होती. दोन्ही खोल्या खाली पडून फुटल्या. मातीत मेलेले कोळी आणि एक पिवळसर अळी दिसत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माशीच्या घरासाठी रडणारा मी नव्हे. मी कुणासाठी रडत होतो ते मला ठाऊक होतं.

तेवढ्यात ती आली, तोंडात गोळी घेऊन. जिथे घर होतं तिथे घिरट्या घातल्या, बसली, उडाली, पुन्हा बसली. गोळी खाली पडली. ती निघून गेली.

"संपलं," मी म्हणालो.

पुताईवाला खाली बसून ती माती बघत होता. त्याचा चेहरा पडला होता. "गलती हो गई बाबूजी, दिखा नहीं," तो म्हणाला. "पर आप दिल छोटा मत करो. ये फिर बनाएगी. रोने नहीं बैठती ये." मग खिळ्याभोवतीच्या वीतभर जागेवर हात ठेवून म्हणाला, "इतनी जगह छोड़ देता हूँ. चूने पे इसकी मिट्टी नहीं टिकेगी." आणि खरंच, सगळी भिंत पांढरीशुभ्र करून तेवढा तुकडा त्यानं जुना ठेवला. खात्याच्या माणसानं येऊन टोकलं, तर "अंकल ने बोला है," असं माझ्या नावावर खपवलं. चहा पिऊन तो गेला. त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठल्याबरोबर खुर्ची ओढून भिंतीसमोर बसलो. दहाच्या सुमारास ती आली. तीच होती की दुसरी, देव जाणे. त्याच जागी तिनं पहिली गोळी लावली. तोच आवाज. काल काय झालं याची तिच्या कामात कुठे खूणही नव्हती. मी बराच वेळ पाहत राहिलो आणि मग हाक मारली, "अगं ऐकलंस का? शाडू काढ."

शाडूचं पोतं बहीण दर वर्षी नागपूरहून पाठवते. ते माळ्यावर तसंच होतं. हिनं माती मळून दिली. पूर्वी मी एका फटक्यात सोंड ओढायचो आणि बघणाऱ्यांकडून वाहवा घ्यायचो. आता डाव्या हातानं बोराएवढी गोळी करायची आणि लावायची. उजवा हात पाटावर नुसता टेकवून ठेवायचा, आधाराला. पहिली मूर्ती तीन दिवसांत कलंडली. दुसरीला पोटापाशी भेग गेली. प्रत्येक वेळी जीव चरफडायचा, शिव्या ओठांवर यायच्या, आणि प्रत्येक वेळी समोर ती कुंभारीण गोळी घेऊन हजर! तिच्यासमोर तक्रार करायची लाज वाटायची. मी माती पुन्हा भिजवायचो. गोळी लावताना ती गुणगुणते तसं माझ्याही तोंडी नाम यायला लागलं. एक गोळी, एक नाम. अबोला कधी सुटला ते मला कळलंच नाही.

मध्येच एक दिवस तिनं शेवटची खोली लिंपली आणि ती गेली. पुन्हा आली नाही. आतली लेकरं जगतात की नाही, हे बघायलाही थांबली नाही. आमच्या गल्लीतली माणसं घराचा नकाशा मंजूर व्हायच्या आधी नातवाची खोली ठरवतात; या कुंभारणीला ती हौस नव्हती. मला दोन दिवस फार चुकल्यासारखं झालं.

श्रावण सरता सरता तिसरी मूर्ती उभी राहिली. आता फक्त दात उरले होते. यात आमच्या घरची एक रीत आहे. वडील आधी दोन्ही दात पूर्ण करत, आणि मूर्ती सुकायला ठेवण्याआधी घरच्यांना बोलावून, 'एकदंताय नमः' म्हणत डावा दात पात्यानं अर्धा कापत. तो दात कापला की मूर्ती पूर्ण. त्या दुपारी दोन्ही दात बसवले, हिला हाक मारली आणि डाव्या हातात पातं घेतलं. नाजूक काम, आणि डाव्या हातानं पहिल्यांदाच. मी नाम घेतलं, आणि पाटावर निमूट टेकलेला माझा उजवा हात एकाएकी उसळला. असे झटके त्याला अधूनमधून यायचे. बोटं मूर्तीच्या तोंडावर आदळली. काहीतरी तुटून पाटावर पडलं.

मी डोळे मिटून घेतले. चतुर्थीला नऊ दिवस उरले होते. पन्नास वर्षांची ओळ माझ्याच हातानं तुटली, असं वाटलं. हिनं पाटावरचा तुकडा उचलून पाहिला. मग म्हणाली, "अहो, डोळे उघडा. डावा आहे."

मी पाहिलं. डावाच दात होता. बरोबर अर्ध्यात तुटलेला. उजव्या दाताला, सोंडेला, कशाला म्हणून ओरखडा नव्हता.

"कापायचे कष्ट वाचवले त्यानं तुमचे," ही म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. मीही हसलो. आजारपणानंतर पहिल्यांदा इतकं मोठ्यानं हसलो, की शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून बघायला आल्या. इतकी वर्षं मी स्वतः त्याचा दात अर्धा करत आलो, तोंडानं एकदंत म्हणत आलो, आणि खंडित त्याला चालत नाही हे मीच ठरवून बसलो होतो. ज्या हाताला मी मोडीत काढलं होतं, त्याच हाताकडून त्यानं आपलं शेवटचं काम करून घेतलं.

चतुर्थीला प्रतिष्ठा झाली. गल्लीतली सगळी घरं आरतीला आली. मूर्ती अगदी देखणी होती असं म्हणणार नाही. पोटावर गोळ्यांचे उंचवटे दिसत होते, एक कान जरा पुढे होता. केसाइतकी चूक शोधणारा मी त्या कानाकडे पाहत टाळ्या वाजवत होतो, म्हणजे डाव्या हातानं उजव्यावर. इतके महिने बधिर असलेल्या त्या उजव्या तळव्याला टाळी लागल्याचं मला कळत होतं. वैद्यकीच्या दृष्टीनं त्याचा अर्थ काय ते डॉक्टरांनी सांगावं. मी फक्त हात जोडले. एक हात दुसऱ्या हातानं उचलून जोडावा लागला, तरी जोडले.

विसर्जनानंतर मुलाचा फोन आला. "बाबा, फोटो पाठवा ना, मोठा करून फ्रेम करून आणतो. खिळा आहेच ना रिकामा?"

मी भिंतीकडे पाहिलं. खिळ्याभोवती मातीच्या चार खोल्या होत्या, आणि चारींना गोल भोकं पडलेली होती. लेकरं केव्हाच उडून गेली होती.

"यंदा फोटो काढला नाही रे," मी म्हणालो. "आणि खिळा काही रिकामा नाही."