पितळी गंजातलं पन्हं

मला राग आला की मी भांडी घासते. सासरी हे लग्नानंतर आठ दिवसांत सगळ्यांना कळलं होतं. त्या दिवशीही मी पहाटे उठले ती रागातच, आणि त्या रागात पितळी गंज घासला. पुढचं सगळं त्यातून झालं. दुसऱ्या कोणाचा त्यात काडीचा दोष नाही.

इंझोरीला आमच्या घरी नणंदेचं डोहाळेजेवण होतं. याआधी दोनदा तिचा गर्भ चौथ्या महिन्याच्या आतच पडला होता. यावेळी सातवा लागला, तेव्हा कुठे घरात कोणी मोठ्यानं हसलं. वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, ऊन मरणाचं आहे, हिला पाणी कमी पडू देऊ नका आणि उलट्या-जुलाब तर अजिबात होऊ देऊ नका. पोरीला सारखं आंबट हवं असायचं. म्हणून त्या दिवशी कैरीचं पन्हं ठरलं, आणि ते करायचं माझ्याकडे आलं.

राग आला होता तो सासूबाईंच्या थोरल्या जावेचा. तिला सगळे मोठीमाय म्हणतात. आदल्या दिवशी माझ्या समोर, मी जणू तिथं नाहीच अशी, ती सासूबाईंना म्हणाली, "पन्हं इच्या हातचं नको बाप्पा. चार वर्सं झाले, इचीच ओटी रिकामी. पोटुशी पोरीले इच्या हातचं काहून पाजता?"

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पन्हं माही सूनच करन. माह्या घरात कोनं काय कराव, ते मी पाहीन."

पहाटे अंगणातल्या चुलीत कैऱ्या भाजायला टाकल्या. बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्या, आंबट की डोळे मिटावेत अशा. मोठी स्टीलची भांडी सगळी स्वयंपाकाला मांडवात गेलेली. माळ्यावरून आईंच्या माहेरचा पितळी गंज काढला. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं उभट पातेलं. बाहेरून काळवंडलेला, आतून पांढुरका-करडा, मधेमधे काळे डाग. माझं माहेर मानोऱ्याचं, घरात सगळं स्टील. मला वाटलं, वर्षानुवर्षांचा मळ साचलाय. चिंच घेतली, राख घेतली, तारेची घासणी घेतली, मोठीमायचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि घासलं. मनगटं दुखेपर्यंत घासलं. आतला सगळा पांढुरका थर निघून गेला. आतून-बाहेरून पिवळाधमक झाला गंज.

आई लांबूनच म्हणाल्या, "चमकला व माय गंज!" आणि पुरणाकडे गेल्या. मी अशी फुगले म्हणता!

कैऱ्यांचा गर काढला, गूळ कुस्करला, मीठ, भाजलेलं जिरं, वेलची, माठाचं पाणी. गंजावर ओलं फडकं टाकून तो कूलरशेजारी सावलीत ठेवला. तेव्हा सहा वाजले होते. बाया जमून, ओटी भरून पन्हं वाढायला अकरा झाले.

पहिला गिलास पोटुशीचा, अशी आमच्याकडची रीत. मी तो भरला आणि निघणार, तोच मोठीमायनं माझ्या हातातून गिलास काढून घेतला. "आन इकडे, मी देतो तिले." ती निघालीसुद्धा. मी चरफडत पळीतला थेंब तळहातावर घेतला आणि चाटला.

घशाला मिठीच बसली. आंबट नाही, गोड नाही, तोंडात पैसा धरल्यासारखी चव. गंजात वाकून पाहिलं, तर काठाशी हिरवट तवंग. ताक पितळेत राहिलं की कळकतं, प्यालं तर उलट्या होतात, असं आईंच्या तोंडून ऐकलं होतं. कल्हई हा शब्दही ऐकला होता. ती दिसते कशी, ते मात्र कोणाला विचारलं नव्हतं. मी मळ म्हणून खरवडून टाकली ती कल्हई होती, आंबट पितळेला लागू नये म्हणून आतून दिलेला कथलाचा लेप. पाच तास आंबट पन्हं नुसत्या पितळेत मुरत होतं.

आणि तेव्हा मी जो विचार केला तो सांगते, लपवत नाही. ओरडले, तर मोठीमायचं खरं ठरणार. वांझोटीनं नणंदेच्या पन्ह्यात काहीतरी कालवलं, हे आज संध्याकाळपर्यंत गावभर. गप्प राहिले, तर... एका गिलासानं काय होतंय? कदाचित काहीच होणार नाही. असा विचार मी केला, देवा शपथ केला.

नणंदेनं गिलास तोंडाला लावला.

"पिऊ नको!" मी किंचाळले. मधल्या दोन-तीन ताटांत पाय देत धावले आणि तिच्या हातावर फटका मारला. गिलास उडाला. पन्हं तिच्या हिरव्या साडीवर, नुकत्याच भरलेल्या ओटीत सांडलं.

मोठीमाय ओरडली, "पाह्यलं? मी काय म्हनत होती? काय कालवलं व त्याच्यात?"

मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "गिळलं का?" नणंदेला विचारलं. "ओठालेच लागलं, वैनी." मी पदरानं तिचे ओठ पुसले, दोनदा चूळ भरायला लावली. मग आईंना सांगितलं, "गंज मी आतून घासला. पन्हं कळकलंय. चूक माझी आहे."

आईंनी गंजात बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकल्या. आत वाकून बघत राहिल्या. मला वाटलं, आता कानाखाली बसते.

"बह्याड पोरी, कल्हई कोनी घासते काय!" म्हणाल्या. मग मोठीमायकडे वळल्या. "तिनं सांगतलं नसतं, तं तुमीच तुमच्या हातानं पाजलं असतं माह्या पोरीले." आणि परत मला, "कैऱ्या हायेत अजून. दुसरं कर, स्टीलच्या बगुन्यात. आन या खेपेले गिलास तूच दे."

भाजायला वेळ कुठला? कुकरला कैऱ्या लावल्या. शिट्या होईनात. मांडवात कुजबुज चालू. गरम गर काढताना बोटं पोळली, तरी थांबले नाही. बगुनं घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांसमोर पहिला गिलास मी स्वतः प्याले, शेवटच्या घोटापर्यंत. रीत मोडली तर मोडली. मग दुसरा भरून नणंदेला दिला.

ती सावकाश प्याली. बाया बघत होत्या, मोठीमाय बघत होती, आईंचा हात पदराच्या टोकाशी अडकला होता. तिनं रिकामा गिलास खाली ठेवला, ओठ पुसले.

"वैनी," ती म्हणाली, "मीठ कमी हाये."

कोणीतरी हसलं. मी मीठ आणायला आत पळाले, बरणीत हात घातला आणि तिथंच, बरणी पोटाशी धरून रडत बसले. हुंदके आवरेनात. आई मागून आल्या. जवळ घेतलं वगैरे काही नाही, दारातच उभ्या राहिल्या.

"रडतं काहून? मीठ घेऊन चाल. पोट्टी दुसरा गिलास मागून राह्यली."